डाव्या सीटचा ब्रेक

नाही, मला एक सांगा, व्हिडिओ गेममधल्या कार्टूनच्या गाडीला कुणी इंडिकेटर शोधतं का? अहो, गाडी चालवतोय कोण, तर एक गुलाबी पाणघोडा, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात रुमाल, आणि गाडीचा आकार म्हणाल तर बुटासारखा... आणि आमचे पप्पा ती बटणं उलटीसुलटी करून मला विचारतायत, "डावीकडे वळताना मागच्याला कळणार कसं?" मागे कोण आहे पप्पा? मागे बदक आहे. त्या बदकाला कळून ते काय करणार आहे? चिडत नाहीये मी. सांगतेय फक्त.

तुम्हाला सांगते, माझे पप्पा म्हणजे वाल्मीक सर. पंचवटीत कुणालाही विचारा. सव्वीस वर्षं मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. अर्ध्या पंचवटीला गाडी त्यांनी शिकवली, उरलेली अर्धी पंचवटी रिक्षा चालवते आणि ती कुणीच शिकवलेली नाही. आता शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, हे तुम्हाला माहीत असेल. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डाव्या सीटवर, सरांच्या पायाखाली. म्हणजे हा माणूस गेली सव्वीस वर्षं डावीकडे बसून दुसऱ्याची गाडी थांबवतोय. त्याचं होतं काय, की पाय ऐकत नाही. घरी सोफ्यावर बसून बातम्या बघत असले आणि बातमीत नुसता ट्रक दिसला, तरी पप्पांचा पाय फरशीवर दाबला जातो. सोफ्यासमोरची एक फरशी हलते आमच्याकडे. खरंच हलते, या कधी बघायला.

आणि अशा माणसाची मी मुलगी. तेजल. मला लायसन्स मिळून तीन वर्षं झाली. पहिल्या झटक्यात मिळालं, आठचा आकडा असा काढला की आरटीओचा माणूस म्हणाला, "कुणाकडे शिकलात?" पण घरची गाडी एकटीने न्यायची? नाही. का नाही? "अजून तयार नाहीस." कधी होणार मी तयार? "कळेल." कुणाला कळेल? कसं कळेल? पत्र येणार आहे का?

बरं, मला गाडी काय मिरवायला हवीय? अंजनेरीच्या पुढे एका पाड्यावर शाळा आहे, तिथे आम्ही कॉलेजच्या चार जणी फिरतं वाचनालय चालवतो. पुस्तकांचे चार खोके. महिन्यातून एका रविवारी जुने आणायचे, नवे द्यायचे, पुस्तकांसाठी पोरं सुट्टीचीही येतात. ते खोके स्कूटरवर जात नाहीत, मी प्रयत्न केलाय, सातपूरच्या चौकात माझी भूगोलाची सगळी पुस्तकं रस्त्यावर होती. म्हणून गाडी. आणि गाडी म्हणजे पप्पा. तीन महिने पप्पा येतायत. येतात तर येतात, वर्गात येऊन बसतात. मी पोरांना म्हणते, चला, आज आपण गोष्ट वाचू, तर मागून आवाज, "आधी सांगा, लाल त्रिकोणाचा अर्थ काय?" झालं. गोष्ट राहिली बाजूला, चाळीस पोरं फळ्यावर 'पुढे वळण आहे' काढतायत. तिथल्या चंद्रभागाबाई, म्हणजे शाळेच्या बाई, त्या माझी ओळख कशी करून देतात माहितीय? "या म्हणजे ड्रायव्हिंगवाल्या सरांची मुलगी." चार वर्षं मी समाजकार्य शिकले. माणसावर विश्वास टाकला की माणूस उभा राहतो, यावर माझा शंभर मार्कांचा प्रकल्प आहे. आणि माझी ओळख काय, तर लाल त्रिकोणवाल्यांची मुलगी. चिडत नाहीये मी. सांगतेय फक्त.

तर या महिन्याचा रविवार जवळ आला आणि मी ठरवलं, यावेळी एकटीच जाणार. आणि नेमका त्याच आठवड्यात सनीदादा, माझ्या काकांचा मुलगा, पुण्याला ट्रेनिंगला गेला आणि जाताना ते खेळणं आमच्याकडे ठेवून गेला. हातात मावणारं मशीन, मध्ये स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणांचे दोन कान. ते कान उपसता येतात. एक कान तुम्ही घ्या, एक मी घेते, मशीन टेबलावर उभं करायचं, स्क्रीनचे दोन भाग होतात आणि लागते दोघांची रेस. शुक्रवारी संध्याकाळी मी पप्पांसमोर एक कान ठेवला आणि म्हटलं, तीन रेस. मी जिंकले तर रविवारी गाडी माझी, एकटीची.

पप्पा म्हणाले, "गाडीचा निर्णय कार्टूनवर करायचा?"

आई भेंडी चिरत होती. न बघता म्हणाली, "हरायची भीती वाटत असेल तर नका खेळू."

आता आईचं सांगते. आईने लग्नानंतर पप्पांकडून गाडी शिकायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी गंगाघाटाजवळ गाडी थांबवली, उतरली आणि चालत घरी आली. त्या दिवसाबद्दल आमच्याकडे कुणी काही बोलत नाही. पण ती असं एखादं वाक्य टाकते आणि पप्पांना ते बरोबर लागतं. पप्पांनी कान उचलला.

पहिली रेस. मी बेडूक घेतला, पप्पांनी पाणघोडा. का, तर "त्याने हेल्मेट घातलंय." तीन, दोन, एक, सगळे सुटले. पाणघोडा जागेवर. पप्पा आधी इंडिकेटर शोधतायत, मग आरसा शोधतायत, मग म्हणतात क्लच कुठेय. माझी एक फेरी झाली तेव्हा पाणघोडा निघाला. हॉर्न मात्र सापडला त्यांना. त्या हॉर्नचा आवाज बदकासारखा, आणि हे प्रत्येक वळणावर वाजवतायत, क्वॅक, क्वॅक, क्वॅक. मी म्हटलं, पप्पा, कशाला? "घाटात वळणावर हॉर्न द्यायचा असतो." घाट कुठेय? तो इंद्रधनुष्याचा पूल आहे. "मग तर दिलाच पाहिजे. समोरून काय येतंय दिसत नाही."

समोरून इंद्रधनुष्यावर काय येणार, एसटी?

जिंकले मी. सहज. एक-शून्य.

दुसऱ्या रेसला मी तत्त्वाचा प्रश्न काढला. या खेळात वाटेत पेट्या लटकलेल्या असतात, त्या फोडल्या की कलिंगड मिळतं, आणि ते दुसऱ्याच्या गाडीवर फेकायचं. मी म्हटलं, पप्पा, आपण कलिंगडं फेकायची नाहीत. आपण आपल्या कौशल्यावर जिंकायचं, दुसऱ्याला पाडून नाही. पप्पा म्हणाले, "रस्त्यावर कचरा टाकायचाच नसतो." ठरलं. पण त्या मशीनमधल्या बाकीच्या सहा जणांना हे कुणी सांगावं? मी पहिली आले की मागून धडाधड कलिंगडं माझ्या बेडकावर. एक चुकवलं, दुसरं लागलं, मी घाईत कट मारला आणि गेले तळ्यात. बाहेर काढलं, पुन्हा वेग, पुन्हा तळ्यात. आणि हा पाणघोडा, चाळीसच्या वेगाने, रस्त्याच्या डाव्या कडेने, कुणाच्या अध्यात ना मध्यात, क्वॅक, क्वॅक करत माझ्या शेजारून पुढे. तळ्यातून मला त्याचा रुमाल दिसला. हातात एक कलिंगड होतं. मी तत्त्वं बाजूला ठेवली आणि सख्ख्या बापावर फेकलं.

लागलं नाही. त्यांनी आधीच वेग कमी केला होता. "मागची गाडी घाईत दिसली की तिला जागा द्यायची," म्हणाले आणि जिंकले. एक-एक. आई कणीक मळता मळता हसत होती, खांदे हलत होते तिचे. चिडत नाहीये मी, खरंच.

तिसरी रेस. आता बघा, इथे माझा रविवार पणाला होता. चंद्रभागाबाईंना मी फोन करून ठेवला होता, दहाला पोचते, एकटी येतेय. शाळेतल्या ओमने, पाचवीतला आहे, त्याने अंतराळाचं पुस्तक मागितलेलं, ते मी मुद्दाम शोधून आणलं होतं. मी ठरवलं, घाई नाही, राग नाही. आणि खेळले, तुम्हाला सांगते, अशी खेळले की सनीदादाने बघितलं असतं तर मशीन मलाच दिलं असतं. कलिंगडं चुकवली, तळं चुकवलं, तिसरी फेरी, मी पहिली, बदक दुसरं, पप्पा तिसरे. शेवटचं वळण राहिलं. त्या वळणावर बाजूला दरी आहे, पण पूर्ण वेगात गाडी घसरवत नेली तर बरोबर बाहेर निघते, मी सकाळी तीन वेळा करून बघितलं होतं. बेडूक घसरायला लागला. चाकाखालून ठिणग्या. समोर झेंडा दिसतोय.

आणि शेजारून फरशी वाजली. खट्.

मला कळलं काय होणार आहे, पण उशीर झाला होता. पप्पा माझ्या डावीकडे बसले होते. नेहमीसारखे. पायाने काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा कान टेबलावर टाकला, हात पुढे केला, माझ्या हातातल्या कानावर अंगठा ठेवला, आणि माझा ब्रेक दाबला. घट्ट. दोन्ही डोळे मिटून.

बेडूक थांबला. दरीच्या टोकावर, पाय दुमडून बसला. तोवर वाऱ्यावर सोडलेला पाणघोडा शांतपणे सरळ गेला आणि दरीत पडला. बदक जिंकलं. झेंडे, फुगे, टाळ्या, आणि बदकाचा नाच.

मी ओरडलेसुद्धा नाही. म्हटलं, पप्पा, हे काय होतं?

"गाडी चालली होती खाली."

"ती जाणार नव्हती."

"तुला काय माहीत?"

"माझी गाडी होती. मला माहीत होतं."

तर म्हणतात काय, अगदी ऑफिसातल्या आवाजात, मला मॅडम म्हणायला लागले, शिकाऊंना म्हणतात तसं, "मॅडम, सरांना ब्रेक मारावा लागला म्हणजे शिकणारा नापास. नियम आहे."

आता ऐका. मी तिथे उभी राहून अर्धा तास बोलले. विश्वासावर बोलले, मुलींवर बोलले, माझ्या शंभर मार्कांच्या प्रकल्पातलं पान नंबर बत्तीस अख्खं बोलले. म्हटलं, तुम्ही लोकांना गाडी शिकवत नाही, तुम्ही लोकांना तुमच्या पायाची सवय लावता. पप्पा ऐकत होते आणि फरशीकडे बघत होते. आणि मग आई हात पुसत आली, वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि पप्पांना विचारलं, "तुमची गाडी कुठंय?"

पप्पा टेबलावर टाकलेला कान चाचपायला लागले.

"नाही, मी विचारतेय, तुमचा तो पाणघोडा कुठंय?"

"खाली," पप्पा म्हणाले.

"स्वतःची गाडी वाऱ्यावर सोडून दुसऱ्याचा ब्रेक मारला, तर सर पास का नापास? नियम सांगा."

बदकसुद्धा नाचायचं थांबलं. आईने खिळ्यावरची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. चोवीस वर्षं थांबली होती ती या एका वाक्यासाठी, मला वाटतं.

मग रविवारी मी गेले. एकटी. शेजारची सीट रिकामी, खिडक्या उघड्या, सातपूर मागे पडलं, रस्ता मोकळा, आणि मला काय वाटलं ते मी सांगत नाही, तुम्ही हसाल. आणि मागे बघते तर एल बोर्ड. पप्पांची शिकवायची गाडी. स्टिअरिंगवर लताबाई, वय अठ्ठावन्न, नुकत्याच रिटायर झालेल्या, शिकवणीचा चौथा दिवस. डावीकडे पप्पा. त्यांनी लताबाईंचा रविवारचा धडा त्र्यंबक रोडवर ठेवला होता. योगायोगाने. असं ते म्हणाले.

शाळेत पोचल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात लताबाई घाम पुसत उतरल्या आणि मला म्हणाल्या, "सर वाटभर सांगत होते, पुढच्या गाडीकडे बघा, ती कशी चालवतेय, अगदी तशी चालवायची." मी वळून पप्पांकडे बघितलं. पप्पा तर खोके उतरवायला निघून गेले होते. त्या दिवशी वर्गात आले नाहीत. बाहेर झाडाखाली उभे राहिले. ओमला पुस्तक मी दिलं, गोष्ट मी वाचली, पूर्ण.

निघताना लताबाईंनी मला बाजूला घेतलं. "तेजलताई, येताना सरांनी इतके ब्रेक मारले, मी मोजायचं सोडून दिलं. जाताना तुम्ही बसता का माझ्या शेजारी? तुम्ही नव्या विचारांच्या." मला इतकं बरं वाटलं ना. मी पप्पांना आमच्या गाडीची चावी दिली आणि डाव्या सीटवर बसले. मनात म्हटलं, आता दाखवते शिकवायचं कसं. माणसावर विश्वास टाकायचा.

तुम्हाला सांगते, ती बाई ट्रकच्या मागे अशी जाते... आणि वळणावर अशी येते... आणि समोरून गाय आली तर गायीकडे बघते, रस्त्याकडे नाही.

सातपूरचा सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि लताबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राग नाही ना येणार? पुढचा एखादा ब्रेक मी मारू का?"

मी हो म्हटलं. पाय काढला पण. अर्धा.