दोन्हीकडे हजर

जून १९८८. नाशिकच्या आयकर कार्यालयाबाहेर चिंचेखाली अर्ज भरून देणाऱ्या काकांपुढे आमची रांग होती. माझ्या पुढे एक प्राध्यापक बाई होत्या.

“काका, दोन्ही कॉलेजांनी टॅक्स कापला नाही. मग ही नोटीस कशी आली?”

“विशाखाताई, सकाळचं कॉलेज म्हणतं, बाईंचा पगार मर्यादेच्या आत आहे. दुपारचंही तेच म्हणतं. सरकार मात्र दोन्ही पगार एकत्र धरतं.”

“पण मी दोन्हीकडे अर्धवेळच आहे हो.”

“नोकऱ्या अर्ध्या असल्या तरी माणूस एकच ना! यापुढे एका कॉलेजला दुसरीकडचा पगार लिहून द्या, ते हिशेबानं कापत जातील. बघू दाखले. अरे वा, बाराही महिने पूर्ण पगार? एकही खाडा नाही?”

“अर्धवेळवाल्यांना रजा कुठली?”

“अडीनडीला तरी देत असतील.”

“ऑगस्टात आई सायखेड्याला अत्यवस्थ होती. सकाळच्या प्राचार्यांना विचारलं, तर म्हणाले, आमचे तास घ्या आणि दुपारचे सोडून जा. दुपारचे म्हणाले, सोडायचे तर सकाळचे सोडायचे होते.”

“मग?”

“दोन्हीकडचे तास घेतले आणि संध्याकाळची एसटी धरली.”

“भेट झाली ना?”

“मी एसटीतून उतरले, तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती.”

काकांनी दाखले अर्जाला टाचून अर्ज बाईंपुढे सरकवला.

“काका, सही कुठे करू?”