घोड्याला जादा ब्रेक नसतो

...नाही, पण घोड्यानं निदान एक पाऊल तरी टाकावं की नाही? तुम्हीच सांगा! मी टाचा मारतोय, तोंडानं टक् टक् करतोय, घामाघूम झालोय... आणि घोडा? घोडा जागेवर! बरं, चिडलेला वगैरे नाही हो, चक्क डोळे मिटून उभा!

आता तुम्ही म्हणाल, या वयात घोडा कशाला? अहो, लेकीची हौस! आईबाबांना भेट म्हणून परस्पर दोघांचं नाव घातलं शिकायला. आणि तुम्हाला सांगतो, आमची ही लगेच अशी ऐटीत बसायला लागली, की मी बघतच राहिलो! रविवारी तळ्यापर्यंत फेरी होती. मास्तरीण म्हणाली, "ज्याला घोडा चालवता आणि थांबवता येईल, तोच फाटकाबाहेर." म्हणजे ही जाणार, आणि मी फाटकाशी पाण्याची बाटली धरून उभा? अहो, संसाराच्या रगाड्यात आम्ही दोघं मिळून कधी साधं तळ्यावर गेलो नव्हतो! मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण घोडा जागेवर!

मास्तरीण लेकीच्या वयाची, पण आवाज असा की घोड्याआधी मीच सरळ व्हायचो. "काका, पाठ ताठ! नजर पुढे! पोटरीनं दाबा... हलकेच हो, कणीक मळताय का? आणि लगाम का ओढताय?"

"कोण, मी? छे!" म्हणून खाली बघतो, तर दोन्ही मुठी छातीशी!

"पायानं चल म्हणता, हातानं थांब म्हणता. त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं? काका, तुम्ही काम काय करता?"

"गाडी शिकवतो."

"तरीच!"

आता तरीच म्हणजे काय? अहो, उभा जन्म शिकाऊ माणसाच्या बाजूला बसून गेला, पायाखाली जादा ब्रेक! तोंडानं "चला, चला, घाबरू नका," आणि पाय ब्रेकवर! म्हणून तर आज तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे! तेवढ्यात कुंपणापलीकडून ही खो खो हसत, "मला शिकवतानाही हेच! मी म्हणायचे गाडी का जात नाही, आणि हे म्हणायचे तुलाच जमत नाही!" आणि घोड्यावरून उठून जाताही येत नाही!

मग म्हटलं, होऊन जाऊ दे. मुठी सैल केल्या, श्वास सोडला, पोटरी जराशी टेकवली... आणि चालला की हो! चालल्यावर दाब सोडला, तरी चालतोय! थांबायचं म्हणून खोगिरावर जड बसलो, मूठ अलगद मिटली... थांबला! आनंदानं डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

रविवारी तळ्याकाठानं आम्ही दोघं जोडीनं. फार बरं वाटलं हो... आणि परतताना ही म्हणते कशी, "उद्यापासून मला पुन्हा गाडी शिकवा. पण पाय वर घेऊन बसायचं!"

बसलो. सीटवर चक्क मांडी घालून बसलो! आणि काय सांगू, काय सुरेख चालवली हिनं! पाठ ताठ, नजर पुढे, पाय हलका. मी म्हटलं, वा! तोवर समोर आमचंच फाटक आलं. मी म्हटलं, "थांबव." आणि ही... ही सीटवर जड बसली! श्वास सोडला, स्टिअरिंगवर मूठ अलगद मिटली... अहो, गाडीला काय कळतंय त्यातलं! फाटकासकट आत!

धूळ खाली बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणते, "इश्श, मग तुम्ही ब्रेक का नाही दाबलात?"

आता बोला! गाडी गॅरेजात आहे. मेकॅनिक नुसतीच मान हलवतो. गाडी जागेवर...

घोडा तेवढा चालतो.