बॉनेट उघडून पूजा

खंडेनवमीला हेब्बाळच्या देवळासमोर गाड्यांची रांग होती. माझ्या स्कूटरपुढे एक जुनी मारुती, तिचे म्हातारे मालक आणि एक चौकस गृहस्थ.

“अण्णा, बॉनेट कशाला उघडलंत? कुंकू वरून लावतात.”

“वरून ती कंपनीची आहे. आत माझ्या रम्याचा हात फिरलाय.”

“मुलीचा?”

“हो, तिनं मोठा कार्बोरेटर बसवला, इंजिनाचं हेड उतरवून हवेच्या वाटा घासून गुळगुळीत केल्या. नंदी डोंगराच्या चढाला पूर्वी रडायची ही. परवा चौघांना घेऊन तिसऱ्या गिअरवर चढली!”

“तुम्ही शिकवलंत?”

“मी? जन्मभर फिटर होतो, पण तिला कधी पान्याला हात लावू दिला नाही. पेटीला कुलूप असायचं.”

“मग?”

“पाय मोडून महिनाभर पडलो होतो. तिनं कुलूप कापलं. आणि काय कापलंय! हे घ्या, बोट फिरवून बघा. कडेची धार स्वल्पसुद्धा लागत नाही.”

“कुलूप खिशात घेऊन फिरता?”

“भेटेल त्याला दाखवतो.”

पुजाऱ्यांनी कानडीत विचारलं, पूजा कुणाच्या नावानं?

“रम्या. आणि स्वामी, ही पान्यांची पेटीसुद्धा.”

“अण्णा, गाडी तिच्या नावावर केलीत?”

“छे, गाडी माझीच आहे. पेटी आजपासून तिची.”