चिडाच्या झाडावरचा कापूस

हरिहर : हे नाही चालणार, नत्थुजी. तुम्ही बंगल्याचे माळी, तुम्हाला कळायला हवं. मडमसाहेबांना नाताळात दिवाणखान्यात उभा करायला खरा पाइन हवाय. हे तर सुरूचं झाड.

नत्थुजी : सुईवानी पानं हायेत, बाराही मैने हिरवा राह्यते. अजून काय पायजे, मास्तर?

हरिहर : ही सुई दोन्ही हातांनी ओढा. सुटली ना? सांध्यासांध्यावर सुटते आणि परत बसवताही येते. पाइनची अशी सुटत नाही. तुम्ही काल नेलेली फांदी मडमसाहेबांनी अशीच ओढून पाहिली, म्हणून तर शाळेत मला चिठ्ठी आली, झाड ओळखून द्या म्हणून.

नत्थुजी : आधीच्या साहेबायनं कधी ओढून नाई पाह्यलं. सा वरसं मी सुरूचीच फांदी देल्ली. कापसाच्या जिनातून पसाभर रुई आणाची, बर्फ म्हून वरतून लावाची. पोट्टे खूश, साहेब खूश.

हरिहर : या मडमसाहेबांचे वडील जंगलखात्यात होते. त्या फसायच्या नाहीत. आता ती कुंपणाची मोरपंखी बघा. पंख्यासारखी चपटी पानं, पाइनच्या नात्यातली आहे, पण पाइन नव्हे. आणि फाटकापाशी सायप्रस.

नत्थुजी : थे तं गोऱ्यायच्या कब्रस्तानात लावते. घरात कोन उभं करन?

हरिहर : विहिरीमागं त्या तट्ट्यांच्या आड काय आहे?

नत्थुजी : खताचा खड्डा.

हरिहर : खताला राळेचा वास येतो का?

नत्थुजी : मास्तर, तट्ट्याले हात नका लावू.

हरिहर : अहो, हा तर अस्सल पाइन. एकेका खोळीतून तीन-तीन सुया निघाल्यात. अमरावतीच्या उन्हात हा जगला कसा?

नत्थुजी : जगवला. अकरा वरसं झाले. एक साहेब अल्मोड्याहून चिडाची, म्हंजे तुमच्या पाइनची, फळं घेऊन आलता. आमच्या शालूनं त्यातल्या बिया वेचल्या. इसेक लावल्या, हा एक उगवला. उन्हाळ्यात चारी बाजूनं तट्टे, वरतून ओलं पोतं. पाच वरसाची होती पोट्टी, लोट्यानं पानी घाले. आता तेल्हाऱ्याले देल्ली तिले, दोन वरसं झाले.

हरिहर : मग मी काय लिहू? बागेत पाइन नाही, असं?

नत्थुजी : नका लिहू. खोटं मी बोललो, थेवढं बस झालं. पन तोडलं तं आठ रोजात सुकन, मंग फेकून देतीन. शालू संक्रांतीले येते. घरात पाय टाकाच्या आधी अठी येते अन् झाडाले पाठ लावून उभी राह्यते, कोन उंच म्हून. मी तिले काय दाखवू? मले हे झाड पायजे, मास्तर.

हरिहर : विलायतेत बाहेर बर्फ असतो, म्हणून झाड घरात आणतात. आपल्याकडे डिसेंबरात बाहेर सतरंजी टाकून पंगत बसते. मुलांनाच झाडापाशी आणलं तर?

नत्थुजी : मानन का थे?

हरिहर : जंगलखात्यातल्या माणसाची मुलगी आहे. विचारून तर येतो. तुम्ही तोवर तट्टे काढून ठेवा.

(मास्तर बंगल्यात जातात आणि थोड्या वेळानं परत येतात.)

हरिहर : मानलं. झाड इथंच उभं सजवायचं, कुऱ्हाड लावायची नाही. पण एक अट आहे. सहा वर्षं कोणती फांदी देत होतात, ते मडमसाहेबांना तुम्ही स्वतः सांगायचं.

नत्थुजी : रागावल्या काय?

हरिहर : हसत होत्या. कालची फांदी त्यांच्या साहेबांनी अस्सल म्हणून वाखाणली होती म्हणे.

नत्थुजी : मंग सांगतो. बरं वाटलं, मास्तर. छातीवरचा धोंडा उतरला. उद्या जिनातून रुई आणतो. आतालोक खोट्या झाडाले लावली, एकडाव खऱ्याले लावून पाहू.

हरिहर : भरपूर आणा. झाड चांगलं मोठं आहे.

नत्थुजी : आनतो. पन संक्रांतीच्या आधी सारी वेचून काढा लागन. नाईतं शालू म्हणन, बाबा, मी सासरी गेली अन् झाडाचे केस पिकले.