उजवी कळी

भागोजी : देवळाच्या पायरीवर न्हाय बसायचा मी. उभ्यानंच इचारतो. देवीची राई कुणी तोडली, गुणाजी?

गुणाजी : कंपनीनं. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. आधी मी गाऱ्हाणं घातलं, देवीच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली, म्हणजे सोमजाईचं हो. मगच करवत लागली.

भागोजी : सोमजाईचं हो?

गुणाजी : मग काय माझं? मी गुरव. कळ्या लावायचं माझं काम, पाडायचं तिचं. आणि वाईट काय झालं रे? इथं नवी रोपं लागणार. साहेब सांगत होते, झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात. त्यासाठी लांबलांबचे कारखानेवाले पैसे देतात.

भागोजी : मग व्हती ती झाडं काय करत व्हती?

गुणाजी : तीपण धरतच होती. पण ती आधीपासूनची. त्यांचं कंपनीला काय मिळत नाय. जागा मोकळी दाखवायची, नवी लावणी करायची, तेवढंच हिशेबात धरतात.

भागोजी : म्हनून मोकळी केलीत. आनि लाकडं?

गुणाजी : कोळशाच्या भट्टीला गेली.

भागोजी : म्हंजे वाडवडलांपासून झाडांनी पोटात धरलेलं चार दिसांत धूर करून सोडलंत. वर जेसीबी घालून माती उलटलीत. कोपरापत्तूर हात जायचा त्या पाचोळ्यात. आता सगळं वढ्यानं खाडीत चाललंय.

गुणाजी : रोपं मोठी होतील की.

भागोजी : व्हतील. तुझ्या हर्षदच्या नातवाला दिसतील. हर्षद काय करतो सध्या?

गुणाजी : कंपनीत सुपरवायझर आहे.

भागोजी : कवापासून?

गुणाजी : भागोजी, पोरगा मुंबईहून हात हलवत परत आला होता. घरात तोंड लपवून बसायचा. तू असतास तर काय केलं असतंस?

(भागोजी खिशातून ऐनाच्या सालीचा तुकडा काढतो, पायरीवर ठेवतो. स्वतः मात्र उभाच राहतो.)

भागोजी : त्या दिशी पान्याचा तांब्या माझ्याच हातात व्हता. डावी कळी तू भिजवून दाबून लावलीस. उजवी कोरडीच टेकवलीस. मी बगितलं. वाटलं, गुरव म्हातारा झाला, हात थरथरला. तू लबाडी करशील, तीबी देवीच्या अंगावर, हे माझ्या मनातसुदीक आलं न्हाय.

गुणाजी : हळू बोल रे.

भागोजी : कुनाला ऐकू जानार? ऐकायला झाड तरी ठेवलंयस का?

गुणाजी : चुकलो मी.

भागोजी : वादळात माझं छप्पर उडालं, तवा याच राईत ऐन आडवा पडला व्हता. एक वासा पायजे व्हता मला. पन राईतली पडलेली काटकीबी आपन कौलाबिगर उचलत न्हाय. म्हनून तुझ्याकडं आलो. डावी पडली.

गुणाजी : आठवतंय.

भागोजी : मी उलट बोललो न्हाय. माझ्या कारभारणीनं, ठमाबाईनं, आख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. छाती भरली तिची. जाताना बोलली, देवीच्या मनात न्हाय तर आपन मन वाईट करायचं न्हाय.

गुणाजी : तो कौल खरा होता, भागोजी. सोमजाईशपथ.

भागोजी : तिची शपत घेतोस?

गुणाजी : मग हर्षदची घेतो. त्या दिवशी दोन्ही कळ्या मी सारख्याच भिजवल्या होत्या.

भागोजी : नको, पोराची घेऊ नको. असंल खरं. पन मला ते आता कवाच कळायचं न्हाय.