दिव्यावरची कोरी जागा

साल १९५५. कुंभकोणम्‌हून नाचियार्कोविलला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी तंजावरकडच्या मराठीत बोलत होत्या.

"पंकजाक्का, रघुपती गोव्याच्या तुरुंगातून सुटला म्हणे?"

"सुटला गं, अलमेलु. सत्याग्रहींची फिल्म काढली म्हणून पोर्तुगीजांनी चार महिने कोंडला. देवळात लावायला नाचियार्कोविलच्या कारागिराकडे दोन पितळी दिवे करायला दिलेत, तेच आणायला निघालेय."

"दोन कशाला?"

"एक नवसाचा. दुसरा तिथल्या पहारेकऱ्याच्या नावाचा. रघुपती तुरुंगातल्या मासळीला शिवेना, तर तो रोज घरून पेज आणायचा. 'मी जिवंत आहे' हे पत्रही त्यानंच लपवून टपालात टाकलं."

"किरिस्ताव ना तो? त्याचा दिवा आपल्या देवळात?"

"पेज पिताना माझ्या लेकानं विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

"बरं बाई. दिव्याच्या बुडाशी त्याचं नाव कोरायला सांगितलंत?"

"छे! नाव फुटलं तर त्यालाच कोंडतील. कारागिराला म्हटलं, जागा कोरी ठेव. पोर्तुगीज गेले की कोरून घेईन."

"आणि तोवर तुम्हीच नसलात तर?"

"तर तू कोरून घे. ये, कानात सांगते."

मी चार पावलं मागे सरलो.