आप्पांच्या गाडीची चाकं

न्हाई, हे न्हाई चालायचं, खाजाभाई — ठेवा ते बाजूला. चाक चांगलं हाय, मी कुठं नाव ठेवायलोय त्याला, पण भोकं बघा की, चारच हायत. हे अँबेसेडरचं झालं. आमच्या गाडीला पाच लागतेत, आन नट न्हाई, बोल्ट — बाहेरून आत जाणारा, हा बघा, रुमालात घेऊनच हिंडतो. जर्मनीची गाडी हाय ती, मर्सिडीज, तिची तऱ्हाच येगळी. आन आता जीपचं नका दावू. पाच भोकं असतेत त्याला, मालूम हाय, सगळे दुकानदार पयल्यांदा जीपचंच काढतेत, पण भोकाभोकातलं अंतर बसत न्हाई. नांदेडला एकानं हातोड्यानं ठोकून बघितलं, चाक चिरलं पण बसलं न्हाई. चहा? नको — बरं सांगा, अर्धा सांगा. मला घाई न्हाई. म्हणजे हाय, पण न्हाई. गंगाखेडची ही यष्टी गेली तर मागची हाय.

मी राणीसावरगावचा, शिवरुद्र, बाजारात कापडाचं दुकान हाय आमचं. पिंगळीच्या माणिकरावांनी तुमचं नाव सांगितलं — म्हणले जुन्या गाडीचं सामान परभणीत एका खाजाभाईकडं गावतं, दुसरीकडं हिंडू नको. दुसरीकडं हिंडूनच आलो मी. नांदेड झालं, औरंगाबाद झालं, हैदराबाद दोनदा झालं. हैदराबादला कसं गावलं न्हाई म्हणता? गावलं की. म्हणजे गावलं न्हाई असं न्हाई, पसंत पडलं न्हाई. एकाचा रंग उडालेला, एक लयच चकचकीत, एकाला जाळी होती, आजकालची पोरं लावतेत तसली, ती काय त्या गाडीला शोभंल? माझी पसंत लय वंगाळ हाय, खाजाभाई. आमची घरची बी तेच म्हणती. तिच्या लुगड्याला सुदिक मी दिवस दिवस लावतो, आन आपलंच दुकान.

गाडी कुणाची म्हणजे — आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील, बसवंतराव. त्याची लय मजा हाय बगा. आप्पा कापड भरायला हैदराबादला जायचे. जहागिऱ्या गेल्या, मंग एकेका नवाबाचं सामान हर्रासात निघायलं — झुंबरं, गालिचे, बग्ग्या, काय न्हाई ते. आप्पा नुसते सावलीला म्हणून असल्याच एका हवेलीत शिरले. तर समोर ही गाडी, काळी, आन तिच्या नाकावर उभं गोल कडं, कड्यात तीन पाकळ्या. आप्पांनी हात जोडले. त्यांना वाटलं बेलाचं पान हाय. आता आमी शिवाची माणसं, लिंगायत, सकाळी लिंगपूजा झाल्याबिगर पाणी न पिणारी — म्हणले एवढ्या नवाबाच्या दारात महादेव उभा हाय आन मी कापड घेऊन माघारी जाऊ? लावली बोली. कापड घ्यायला नेलेले सगळे पैसे त्यात गेले. गाडी गावाकडं आणणारा डायव्हर वाटभर सांगायलाय, सावकार, ही कंपनीची निशाणी हाय. आप्पा म्हणले, मंग कंपनीला पावला असंल. आजपावतो दर सोमवारी त्या कड्याला विभूती लागती आन वर खरं पान. माझ्या मेव्हण्याचा पोरगा इंजिनेर, तो एकदा म्हणला, आजोबा, ही चांदणी हाय. त्या दिवशी त्याला कुणी दुसऱ्यांदा भाजी वाढली न्हाई.

चाकं गेली कुठं म्हणता? चाकं आमीच खाल्ली. इंजन बसलं, गाडी पत्र्याखाली उभी राहिली, तवा आप्पाच म्हणले, ही चाकं फुकट कशाला उभी? काढली आन टायरगाडीला लावली — बैलगाडीला हो. कापूस वाहिला त्यांनी गंगाखेडला, वर्सानुवर्स, खड्ड्या-खड्ड्यातून. त्या चाकांचा आता आकारच राहिला न्हाई. गाडी तवापासून इटांवर.

पण बाकीचं सगळं झालंय बरं का. रंग दिला, काळाच, दोन हात. बंपरला आन दिव्याच्या कड्यांना नांदेडवरनं निकेल करून आणलं, तोंड दिसतंय त्यात. सीटला आदी रेक्झिन लावलं, आप्पांनी बोट लावून बघितलं, म्हणले हे उन्हात तापतंय, काढ. मंग मखमल लावली, जांभळी, आपल्याच दुकानातली. खिडक्यांना पडदे. भोंगा नको म्हणले. टायर मातर पांढऱ्या पट्ट्याचेच पायजेत, आन चाकाला झाकण पायजे, चमकणारं. आरसा सुदिक नवा बसवला — डायव्हरसाठी न्हाई हो, शेजारच्या सीटवरनं दिसावा असा वाकडा करून बसवला. मागं कोण कोण यायलंय ते दिसाया पायजे म्हणले. इंजनाचं काय? इंजन लागत न्हाई. पोरं ढकलतील. गावातल्या गावातच तर जायचंय — देवळापासनं वड्यापलीकडं.

कार्य? हां, कार्य हाय घरी. लग्न — लग्नच धरा. त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं. पुढच्या सीटची पाठ काढून मागं लाकडी फळी ठोकलीय, सरळ, ताठ. गादी दिलीय वरनं. आन वर, डोक्याच्या उंचीला, मखमलीचा एक पट्टा केलाय, कपाळावरनं मागं बांधायला, मान पुढं पडू न्हाई म्हणून —

बरोबर हाय तुमचं. नवरदेवाला कशाला लागतोय पट्टा.

बसा, खाजाभाई. उगंच लपवायलो तुमच्यापासनं. आमच्यात माणूस गेला की झोपवत न्हाईत. बसवतेत. अंघोळ घालायची, विभूती लावायची, डाव्या हातात लिंग द्यायचं आन मांडी घालून बसवून वाजतगाजत न्यायचं, जमिनीत बी बसलेलाच ठेवायचा. मखर करतेत, विमान म्हणतेत त्याला. पण आमची अव्वा गेली, माझी आई, सिद्धम्मा, तवा पाऊस असा की खांद्यावर विमान निघंना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवली तिला. वड्यात चाक आदळलं आन अव्वा कलंडली. एवढी माणसं, कुणाच्या हाताला आली न्हाई — लुगडं चिखलात, डोकं ट्रॉलीच्या फळीवर. आप्पांनी चिखलात बसून तिचं तोंड पुसलं, आपल्या पटक्यानं. घरी आले ते पत्र्याखाली गेले आन गाडीचं दार उघडून आत बसले. म्हणले, शिवरुद्रा, मला ह्याच्यात न्यायचं. सीटवर बसवून. ट्रॉलीत घातलंस तर उठून उभा राहीन.

तवा हसलो होतो आमी. आता दिवाळीपासनं खाटेवर हायत. डॉक्टर सोनपेठचा, भला माणूस, त्यानं दिवाळीलाच सांगितलं, आता औषध न्हाई, जवळ बसा. पोटात गाठ हाय. आता संक्रांत आली, खाजाभाई. डॉक्टर येतो, नाडी बघतो, माझ्याकडं बघतो. त्याला कळंना हे कशावर हायत. मला कळतंय. रोज सकाळी मी पूजा करून खाटेपाशी गेलो की एकच विचारतेत — चाकं? मी म्हणतो, न्हाई आप्पा, बंद हाय. मोर्चा हाय. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत यष्ट्या अडवल्यात. रेल्वेचा रूळ बदलायलेत. दुकानदार गावाला गेलाय. परवा म्हणले, नामांतर तरी होईल एखाद्या दिवशी, माझी चाकं काय यायची न्हाईत. हसले मंग. हसलं की दुखतंय त्यांना.

आन हैदराबादचं खरं सांगू? दुसऱ्या बारीला गावलती. तीच. पाच भोकं, पांढरे पट्टे, झाकणं. हात ठेवला मी त्यांच्यावर, बोल्ट लावून बघितला. आन दुकानदाराला म्हणलं, रंग उडालाय. घरी आलो, म्हणलं, आप्पा, गावली न्हाईत. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मंग म्हणले, बरं. मंग थांबतो.

एवढंच म्हणले — मंग थांबतो. जसं काय मी उंबऱ्यावरनं म्हणलं की पायतान घालतो, थांबा, आन ते म्हणले थांबतो. माझ्या हातात हाय ते, खाजाभाई. चाकं न्हाईत तोवर आप्पा हायत. गल्ल्यावर बसलो तरी तेच, जेवायलो तरी तेच. मी एवढा बाप्या, पोरीचं लग्न झालेला, नातू हाय मला, पण आप्पा न्हाईत अशा घरात मी एक दिवस उठलेलो न्हाई. मला भ्या वाटायलंय. मला न्हाई जमायचं ते.

हां, त्यांना तरास हाय. हाय की, मी आंधळा हाय का? पाठीला फोड झालेत. मल्लम्मा, माझी घरची, ती कूस बदलती, तवा वरडत न्हाईत, पदराचं टोक मागून घेतेत तिच्या आन दातात धरतेत. सुनंचा पदर. ती काल चुलीपाशी मला म्हणली, आणा हो ती चाकं. तुमच्या जिवासाठी त्यांचा जीव कशाला कोंडायलाव? मी ताटावरनं उठलो. तिला बोललो बी, लय वंगाळ बोललो, म्हणलं तुला लवकर मोकळं व्हायचंय. तिनं माझं ताट झाकून ठेवलं. म्हणून आज निघालो. घरातनं निघताना आप्पांना म्हणलं, परभणीला जाऊन येतो. तर म्हणले, नीट बघून आण, तुझी पसंत वंगाळ हाय. सगळं मालूम हाय म्हाताऱ्याला. पैल्या दिवसापासनं मालूम हाय.

कुठं निघालाव? बसा की. चहा गार होयलाय. ती ताडपत्री कशाची — न्हाई, राहू द्या, कशाला धूळ उडवायलाव, मी येतो दुसऱ्या दिवशी. खाजाभाई, माझी यष्टी —

कुठनं आली ही चाकं? जालन्याच्या गिरणीवाल्याची. बरं. हां, पट्टे पांढरे हायत. जरा पिवळे पडलेत. झाकणं बी हायत. न्हाई, थोडी मोठी वाटायलीत, आमच्या गाडीला — बोल्ट? बोल्ट आणायचा राहिला. रुमालात? हां, हाय रुमालात. द्या इकडं, मी लावतो. न्हाई, तुमीच लावा.

गेला. बोटानं गेला की आत. ठोकावं सुदिक लागलं न्हाई.

काय न्हाई, डोळ्यात धूळ गेली. पसंत हायत. नावं ठेवायला जागाच ठेवली न्हाई तुमी. बांधा, पोत्यात घालून बांधा, यष्टीच्या टपावर टाकतो, कंडक्टर ओळखीचा हाय. न्हाई, थांबा. तीनच बांधा. तीन. मला मोजता येतंय, खाजाभाई, कापड मोजून पोट भरतो मी. तीन बघितली की आली म्हणतील, हात फिरवतील वरनं, बरं वाटंल त्यांना. मल्लम्माला बी बोलायला जागा न्हाई. आन चौथं मागनं यायलंय म्हणून सांगतो. ते असू द्या इथंच. कुणाला इकू नका. पण पाठवू बी नका — गंगाखेडकडं कुणी निघालंय, त्याच्या हाती द्यावं, असलं काय मनात आणू नका. मीच येतो न्यायला. मी सवता येतो. कधी ते — सुतळी द्या इकडं, तुमची गाठ ढिली बसायली. मी बांधतो.